शेततळ्यातल्या माशांना खाद्य कसं, कधी आणि किती द्यायचं: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

शेततळ्यात बीज सोडलं की पहिला प्रश्न हाच येतो, रोज किती टाकायचं? कोणी सांगतं वजनाच्या तीन टक्के, कोणी म्हणतं खातील तेवढं द्या, आणि पोत्यावर छापलेला तक्ता तिसरंच काहीतरी सांगतो. गंमत म्हणजे तिघंही अर्धे बरोबर असतात, म्हणून तर नवीन माणूस गोंधळतो. मत्स्यपालनात सगळ्यात जास्त खर्च खाद्यावर होतो आणि पाणी खराब व्हायचं सगळ्यात मोठं कारणही खाद्यच असतं, त्यामुळे ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचं बरंचसं आपोआप सरळ होतं.

माझं सगळं सांगणं एका क्रमात बसतं. आधी पाणी बघायचं, मग मासा बघायचा आणि तक्ता सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

हाताशी काय काय असावं

- डिजिटल वजनकाटा, एक ५ किलोपर्यंतचा आणि एक लहान, ग्रॅम दाखवणारा
- थर्मामीटर
- पीएच, अमोनिया आणि विरघळलेला ऑक्सिजन (याला सगळे डीओ म्हणतात) तपासायचं किट, डीओ मीटर परवडत असेल तर उत्तमच
- फेकजाळं, दोन बादल्या, एक मऊ जाळीची पिशवी
- २० सेंटीमीटर व्यासाची काळी-पांढरी रंगवलेली थाळी आणि तिला खुणा केलेली दोरी, पाण्याची पारदर्शकता मोजायला
- तरंगतं खाद्य देणार असाल तर पाइपची मोठी रिंग, बुडणारं देणार असाल तर दोन-तीन चेक ट्रे, म्हणजे खाद्य उरलं का ते बघायला पाण्यात ठेवायचे ट्रे
- एक वही

कागदपत्रं म्हणाल तर तीन गोष्टी जपून ठेवा. बीज घेतलं त्याची नोंद, म्हणजे जात, संख्या, सरासरी वजन, तारीख. खाद्याच्या प्रत्येक पोत्याचं लेबल, ज्यावर प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि उत्पादनाची तारीख असते. आणि पाणी तपासणीच्या नोंदी. पुढे काही बिघडलं तर या तीन कागदांशिवाय कोणीही तुम्हाला नीट सल्ला देऊ शकत नाही.

१. आपला मासा कुठे आणि काय खातो ते आधी ओळखा

सगळे मासे एका जागी जेवत नाहीत. कटला वरच्या थरात फिरतो, त्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणीप्लवंग गाळून खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाला, कुजलेला पालापाचोळा आणि गाळातलं अन्न शोधत. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प पण तळाचाच, तो गाळ उकरतो आणि मातीचे बांधही पोखरतो. सिल्व्हर कार्प हिरवं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं ओलं गवत एका दिवसात सहज खातो आणि त्यातलं बरंचसं अर्धवट पचलेलं बाहेर टाकतो, त्याने पाण्याला खत मिळतं. तिलापिया आणि पंगस सगळं खातात, आणि तरंगत्या गोळीवर, म्हणजे गोळीच्या रूपातल्या तयार खाद्यावर, लवकर येतात.

हे सांगायचं कारण असं की तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ सोडले आणि वर नुसतं तरंगतं खाद्य टाकत राहिलात तर खाणार रोहू, आणि मग तुम्ही म्हणणार कटला का वाढत नाही. कटल्याला पाण्यात प्लवंग पाहिजे. मृगळाला तळाशी अन्न पाहिजे. मिश्र मत्स्यपालनात गोळी हे जेवणाचा एक भाग असतो, उरलेला भाग तळं स्वतः पुरवतं.

आता शेततळ्याची खास गोष्ट. प्लास्टिक कागद अंथरलेल्या तळ्यात गाळ नसतो, तळाचे किडे-अळ्या जवळपास नसतात, प्लवंगही उशिरा तयार होतं. अशा तळ्यात नैसर्गिक अन्नाचा भरवसा कमी धरायचा, तळाला खाणाऱ्या जाती कमी ठेवायच्या आणि खाद्य संपूर्ण पोषणाचं, म्हणजे जीवनसत्त्वं-खनिजं असलेलं घ्यायचं. मातीच्या तळ्यात कोंडा-पेंडीवर निभावतं, कारण कमी पडलेलं मासा पाण्यातून भरून काढतो. कागदाच्या तळ्यात तसं होत नाही.

अजून एक, कार्प जातीच्या माशांना जठर नसतं. तोंडातून गेलेलं सरळ आतड्यात जातं, साठवून ठेवायला जागाच नाही. म्हणून एकदाच भरपूर देण्यापेक्षा दोन-तीन वेळा थोडं थोडं दिलेलं त्यांच्या अंगी लागतं. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, असताना तर तीन-चार वेळा.

२. खाद्याची बादली उचलायच्या आधी पाणी वाचा

हा भाग मी लांबवणार आहे, कारण इथेच सगळं ठरतं.

तापमान: मासा थंड रक्ताचा प्राणी, पाणी जेवढं गरम तेवढी त्याची भूक आणि पचन. कार्प, तिलापिया, पंगस या गरम पाण्यातल्या माशांना साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसला सगळ्यात चांगली भूक लागते. पाणी २० च्या खाली गेलं की भूक निम्म्यावर येते, तिलापिया तर १६ च्या आसपास खाणंच सोडतो. वरच्या बाजूलाही तसंच, ३२-३३ च्या पुढे मासा अस्वस्थ होतो. थंडीत उन्हाळ्याइतकंच खाद्य टाकत राहणं हा नवीन लोकांचा ठरलेला सापळा आहे, मासा खात नाही, गोळी तळाला कुजते आणि दोष बीजाला दिला जातो.

ऑक्सिजन: लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मासा मोकळेपणाने खातो आणि वाढतो. ३ ते ५ मध्ये जगतो पण खाणं आणि वाढ दोन्ही कमी. ३ च्या खाली खाद्य अजिबात नाही. इथे एक अडचण लक्षात घ्या, २० अंशाच्या गोड्या पाण्यात ऑक्सिजन साधारण ९ मिलिग्रॅम मावतो आणि ३० अंशाला साडेसातच. म्हणजे माशाची गरज वाढते त्याच वेळी पाण्याची धरून ठेवायची ताकद कमी होते. शिवाय खाल्ल्यावर पचनासाठी माशाला आणखी ऑक्सिजन लागतो, पुढचे काही तास. म्हणून पोट भरलेला मासा रिकाम्या पोटाच्या माशापेक्षा लवकर गुदमरतो.

दिवसभरात ऑक्सिजन कसा फिरतो ते पण बघा. उजेडात शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, दुपारी तीन-चारला तो सगळ्यात जास्त असतो. रात्री तेच शेवाळ, मासे आणि गाळातले जिवाणू सगळे मिळून तो वापरतात, आणि उजाडायच्या थोडं आधी तो सगळ्यात कमी असतो. यावरून खाद्याची वेळ आपोआप ठरते: सकाळी ऊन वर आल्यावर, सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी पहिलं, आणि दुसरं दुपारी तीन-चारच्या दरम्यान. भल्या पहाटे नाही आणि अंधार पडताना तर नाहीच. संध्याकाळी उशिरा दिलेलं खाद्य पचायची वेळ आणि ऑक्सिजन उतरायची वेळ एकच येते.

पारदर्शकता: रंगवलेली थाळी पाण्यात सोडा, दिसेनाशी होते ती खोली मोजा. ३० ते ४० सेंटीमीटर म्हणजे प्लवंग ठीक. २० च्या आत दिसेनाशी होत असेल तर शेवाळ फार दाट झालंय, रात्री ऑक्सिजन धोक्यात, खाद्य कमी करा. ६० च्या पुढे दिसत असेल तर पाण्यात अन्नच नाही. थाळी नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवा, तळवा जेमतेम दिसेनासा झाला तर बरोबर. पाणी मातीमुळे गढूळ असेल तर मात्र ही चाचणी फसवते, ते प्लवंग नव्हे.

अमोनिया: मासा प्रथिनं पचवून अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. ३० टक्के प्रथिनांचं १ किलो खाद्य दिलं की पाण्यात साधारण २५ ते ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन येतो. तो सगळाच विषारी नसतो, पीएचवर अवलंबून असतं. २८ अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर विषारी वाटा एक टक्क्याहून कमी, पीएच ८ ला सहा-सात टक्के, आणि पीएच ९ ला जवळपास ४० टक्के. दाट हिरव्या पाण्यात दुपारी पीएच ९ ला जाणं काही विशेष नाही. त्यामुळे अमोनिया आणि पीएच दोन्ही दुपारी मोजा, नुसतं सकाळी मोजून निर्धास्त राहू नका.

३. पहिले काही दिवस फक्त सवय लावण्यासाठी

बीज सोडल्या दिवशी खाद्य देऊ नका, प्रवासाचा ताण असतो. दुसऱ्या दिवसापासून अगदी थोडं, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. मासे जागा आणि वेळ लवकर शिकतात, काही दिवसांतच तुम्ही बांधावर आलात की पाण्यात हालचाल सुरू होते. बादलीवर हलकी टकटक करून मग टाकलंत तर आवाजही शिकतात. ही सवय फार कामाची आहे, कारण रोज त्याच वेळी वर येणारा मासा एखाद्या दिवशी आला नाही तर तुम्हाला लगेच कळतं की काहीतरी बिघडलंय. खाणं सोडणं हे आजाराचं आणि ऑक्सिजन कमी होण्याचं सगळ्यात पहिलं लक्षण, मरतूक त्यानंतर दिसते.

माणूस रोज बदलू नका. आज मालक, उद्या गडी, परवा शाळेतून आलेला मुलगा असं झालं की टाकायची पद्धत बदलते आणि रोजच्या वागण्यातला फरक कोणाच्याच लक्षात येत नाही.

४. गोळीचा आकार आणि प्रथिनं

लहान तोंडात मोठी गोळी जात नाही, आणि मोठ्या माशाला बारीक गोळी टिपायला जास्त पोहावं लागतं, त्यात खाल्लेलं खर्च होतं. ढोबळ हिशोब असा ठेवा: अगदी लहान पिल्लांना भुकटी किंवा १ मिलिमीटरच्या आतला चुरा, १० ते ४० ग्रॅमच्या माशाला २ मिलिमीटर, पुढे १००-१५० ग्रॅमपर्यंत ३ आणि त्यावर ४ मिलिमीटर. आकार बदलताना एकदम बदलू नका, पाच-सहा दिवस दोन्ही मिसळून द्या, कारण तळ्यात सगळे मासे एका मापाचे कधीच नसतात.

प्रथिनं पिल्लांना ३५-४० टक्के, बोटुकलीला ३०-३२, वाढत्या मोठ्या माशाला २४ ते २८ पुरतात. जास्त प्रथिनं म्हणजे जास्त वाढ असं सरळ गणित नाही, गरजेपेक्षा जास्तीचं प्रथिन मासा जाळून टाकतो आणि त्याचा अमोनिया होतो. तुम्ही महाग खाद्य घेऊन पाणी बिघडवता एवढंच.

कोंडा आणि पेंड देणार असाल तर पेंड रात्रभर भिजवा, कोंड्यात मळून घट्ट गोळे करा आणि ट्रेमध्ये ठेवा, किंवा भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला बांधून पाण्यात लटकवा, मासे भोकांतून ओढून खातात. कोरडी भुकटी वरून उधळू नका, तिच्यातलं बरंचसं माशाच्या तोंडात न जाता पाण्यात विरघळतं.

५. किती द्यायचं, हिशोब मांडून

तळ्यातल्या सगळ्या माशांचं मिळून वजन काढायचं आणि त्याची टक्केवारी द्यायची. टक्केवारी माशाच्या वयाप्रमाणे उतरत जाते: पिल्लांना १० टक्क्यांच्या आसपास, बोटुकलीला ५-६, १०० ते २५० ग्रॅमला ३, अर्ध्या किलोच्या आसपास २, त्यावर १ ते दीड.

उदाहरण घेऊ. १००० बोटुकली सोडली, आता ८०० जिवंत असतील असा अंदाज, सरासरी वजन १२० ग्रॅम. म्हणजे एकूण ९६ किलो मासा. ३ टक्क्यांनी दिवसाला जवळपास २ किलो ९०० ग्रॅम खाद्य, दोन वेळात विभागून.

इथला सापळा तो "८००" चा आकडा. लोक सोडलेली संख्याच शेवटपर्यंत धरून चालतात, मधे पक्ष्यांनी नेले, सोडताना मेले, बेडूक-सापांनी खाल्ले हे हिशोबातच नसतं. १००० धरून खाद्य दिलं तर रोज पाव पट जास्त पडतं आणि ते तळाला जातं. मेलेला प्रत्येक मासा वहीत लिहा आणि न दिसता गेलेल्यांसाठीही थोडी वजावट धरा.

आणि एक वरची मर्यादा असते जी माशाच्या वजनावर नाही, पाण्याच्या क्षेत्रावर ठरते. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, नसलेल्या तळ्यात हेक्टरी दिवसाला ३०-४० किलोच्या पुढे खाद्य गेलं की रात्रीचा ऑक्सिजन हाताबाहेर जायला लागतो. १० गुंठ्यांच्या तळ्याला म्हणजे ३ ते ४ किलो. तुमच्या टक्केवारीचा हिशोब याच्या वर जात असेल तर एकतर एरेटर लावा नाहीतर मोठे मासे काढून विका, "हिशोबात एवढं येतंय म्हणून टाकतो" असं करू नका.

जास्तीचं खाद्य जातं कुठे ते एकदा मनाशी मांडून बघा. दीड किलो खाद्यातून १ किलो मासा झाला तर आपण खूश होतो आणि व्हायलाच पाहिजे, तो चांगलाच निकाल आहे. पण त्या १ किलो माशात तीन चतुर्थांश पाणी असतं, कोरडा भाग फक्त पाव किलो. दीड किलो खाद्यात कोरडा भाग सव्वा किलोच्या वर होता. उरलेला किलोभर गेला श्वासात, विष्ठेत आणि अमोनियात, म्हणजे तळ्यातच. हे सगळं नीट खाल्लेल्या खाद्याचं झालं, न खाल्लेल्याचा तर पूर्ण बोजा पाण्यावर.

६. टाकताना उभं राहून बघा

तक्त्याने दिलेला आकडा ही फक्त सुरुवात. खरं उत्तर मासा देतो.

तरंगतं खाद्य असेल तर आधी मूठभर टाका. मासे तुटून पडले, पाणी खळबळलं तर पुढचं टाका, थोडं थोडं, पसरवून. एकाच ठिकाणी ओतलं की दांडगे मासे पुढे घुसतात आणि लहान मागे राहतात, मग मोठे आणखी मोठे, लहान तसेच, आणि काढणीला निम्मा माल बारीक निघतो. वारा असेल तर वारा येतो त्या बाजूच्या बांधावर उभं राहा, गोळ्या आपोआप पाण्यावर पसरत जातात. समोरच्या काठाच्या गवतात जाऊन अडकू नयेत म्हणून रिंग वापरा.

मोबाईलवर वेळ लावा. १० ते १५ मिनिटांत संपलं पाहिजे. शेवटी शेवटी मासे आळसावतात, एखादी गोळी तोंडात घेऊन सोडून देतात, तिथे थांबायचं. पोट पूर्ण भरेपर्यंत नाही, भुकेच्या ८०-९० टक्क्यांवर. गच्च भरलेल्या आतड्यातून खाद्य लवकर पुढे सरकतं आणि नीट पचत नाही, म्हणजे शेवटचं मूठभर खाद्य सगळ्यात कमी कामाला येतं. "अजून मागतायत बिचारे" असं वाटतं खरं, माशांवर जीव असतोच आपला, पण तिथे हात आवरायचा.

बुडणारं खाद्य असेल तर दिसत काहीच नाही, म्हणून ट्रे. रोजच्या खाद्यातला थोडा हिस्सा ट्रेमध्ये ठेवा आणि दीड-दोन तासांनी उचलून बघा. पूर्ण रिकामा असेल तर पुढच्या वेळी थोडं वाढवा, दोन-तीनदा लागोपाठ उरलं तर दहा-वीस टक्के कमी करा. ट्रे धुऊन वाळवून ठेवा.

मासे पृष्ठभागावर आले म्हणजे भूक लागली असं मात्र समजू नका. पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळत असतील, आवाजाने दचकून पटकन खाली जात नसतील, तर तो ऑक्सिजनचा आक्रोश आहे. त्या वेळी खाद्य टाकणं म्हणजे मारणंच. एरेटर चालू करा, पंपाने पाणी फवारून परत तळ्यात सोडा, ताजं पाणी घ्या.

७. दर पंधरा दिवसांनी वजन घ्या

हे कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात. टाळू नका, हाच तुमचा आरसा.

सकाळी, खाद्य देण्याआधी, ऊन चढायच्या आत. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी फेकजाळं टाका, नुसतं खाद्याच्या जागी टाकलं तर तिथे दांडगेच मासे सापडतात आणि सरासरी फुगते. किमान ३०-४० मासे, बादलीत पाण्यासकट तोलून. पाच-सहा मासे सुटे मोजा म्हणजे लहान-मोठ्यातला फरक कळेल. अंगावर जखमा, लाल ठिपके, फिकट किंवा चिकट कल्ले, उवा दिसतात का तेही याच वेळी बघा. हात ओले ठेवा, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं संरक्षण आहे, तो खरवडू नका.

मग हिशोब. वरचंच उदाहरण: १२० ग्रॅमचा मासा पंधरा दिवसांनी १५० झाला, म्हणजे दिवसाला २ ग्रॅम वाढ. ८०० माशांची मिळून वाढ २४ किलो. या काळात खाद्य गेलं ४३ किलो. ४३ भागिले २४, साधारण १.८. याला एफसीआर म्हणतात, १ किलो मासा तयार व्हायला किती किलो खाद्य लागलं. चांगल्या गोळीवर १.२ ते १.८ च्या दरम्यान असेल तर उत्तम, २ च्या वर जायला लागला तर खाद्य वाया जातंय किंवा मासे तुम्ही समजता तेवढे नाहीत. कोंडा-पेंडीवर हा आकडा बराच जास्त येतो, त्यामुळे दोघांची तुलना करू नका.

आता तळ्यात १२० किलो मासा झाला, पुढच्या पंधरवड्याचं खाद्य या आकड्यावर. जुन्याच आकड्यावर महिना-महिना चालत राहिलं की मासा उपाशी राहतो, हेही तेवढंच वाईट.

८. शेतीला पाणी उपसताय, मग खाद्यही बदला

हे पुस्तकी तक्त्यांत नसतं, पण शेततळं मुळात पिकासाठी असतं आणि पाणी उतरणारच. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे खोली निम्मी झाली की पाणी निम्म्याहून कमी उरतं. मासे तेवढेच, पाणी निम्म्याहून कमी, अमोनिया दाटतो, ऊन लागून पाणी लवकर तापतं, रात्री लवकर थंड होतं. म्हणून पातळीची खूण असलेली पट्टी तळ्यात उभी करा आणि पातळी उतरेल तसं खाद्य कमी करत जा. खोली मीटरभराच्या आसपास आली तर खाद्य निम्म्यावर आणा आणि मोठे मासे काढायचं बघा. उपसताना पाणी तळाकडचं घेतलंत तर सगळ्यात खराब पाणी बाहेर जातं आणि ते पिकाला खत म्हणून चांगलंच असतं, फक्त पाइपच्या तोंडाला जाळी लावा.

९. कधी खाद्य बंद किंवा निम्मं

ढगाळ दिवस लागोपाठ आले की निम्मं. जोराचा पाऊस किंवा वादळ झालं की त्या दिवशी बंद, कारण वरचं थंड पाणी खाली जाऊन तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं. हिरवं पाणी अचानक तपकिरी किंवा स्वच्छ झालं तर शेवाळ मेलंय, बंद आणि एरेटर चालू. चुना किंवा औषध टाकलं त्या दिवशी बंद. जाळं ओढलं त्या दिवशी बंद.

एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने मासा मरत नाही आणि खरं तर मोठंसं नुकसानही होत नाही, परत नीट खायला लागला की मागे पडलेली वाढ बरीचशी भरून काढतो. नवीन लोकांना हे पटत नाही, जीव कासावीस होतो. पण चुकीच्या दिवशी टाकलेलं खाद्य रात्रीतून अख्खं तळं नेऊ शकतं, न टाकलेलं नाही.

१०. साठवण

पोती जमिनीवर नको, फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्या, त्यानंतर जीवनसत्त्वं, विशेषतः क जीवनसत्त्व, उतरत जातात. कुबट वास, गुठळ्या, हिरवी-काळी बुरशी दिसली तर ते पोतं तळ्यात जाऊ देऊ नका, उन्हात वाळवून सुद्धा नाही. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, वाळवल्याने जात नाही आणि माशाचं यकृत खराब करतं. शेंगदाणा पेंडीत हा धोका जास्त.

११. खातात पण वाढत नाहीत, तर

क्रमाने तपासा. तिलापिया असेल तर आधी पिल्लं दिसतात का बघा, तो दोन-तीन महिन्यांचा झाला की तळ्यातच अंडी घालायला लागतो आणि तुमचं खाद्य पिल्लांच्या पोटात जातं, म्हणून सुरुवातीलाच सगळं नर बीज घ्यावं. मग एकूण वजन काढा, तळ्याच्या ताकदीएवढं झालं असेल तर खाद्य वाढवून काही होणार नाही, मोठे काढले की उरलेले झपाट्याने वाढतात. मग पहाटेचा ऑक्सिजन. मग परजीवी, मासा अंग घासत असेल, उड्या मारत असेल तर उवा असू शकतात. सगळं ठीक निघालं तरच खाद्याच्या दर्जाकडे वळा. लोक पहिल्याच दिवशी ब्रँड बदलतात आणि खरं कारण तसंच राहतं.

१२. काढणीच्या आधी

विक्रीसाठी किंवा दुसऱ्या तळ्यात न्यायला मासे काढायचे असतील तर आदल्या दिवसापासून खाद्य बंद ठेवा, मोठ्या माशांना पूर्ण २४ तास. रिकाम्या पोटाचा मासा जाळ्यात आणि टाकीत कमी ऑक्सिजन वापरतो, पाणी घाण करत नाही, आणि मेलेला मासाही जास्त वेळ ताजा राहतो. थोडेच मासे काढून बाकी ठेवणार असाल तर जाळं ओढल्याच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या खाद्याने सुरू करा, आणि काढलेल्या माशांची संख्या आणि वजन त्याच संध्याकाळी वहीत वजा करून पुढच्या दिवसाचा आकडा नव्याने काढा.